बुडणारं जाकीट

मी एक जुनं लाइफ जॅकेट आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मी अतिशय भित्रा आहे. हसू नका. ज्याने पाण्यात दुसऱ्याला धीर द्यायचा तोच भित्रा निघाला तर कसं व्हायचं, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्या जातीत भीती हा दोष नाही, तो आमचा धंदा आहे. नदीला न भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. त्यातल्या काहींना शोधायला होड्या निघालेल्याही पाहिल्या.

माझा जन्म इथून फार लांब, एका पावसाळी गावातल्या कारखान्यात झाला. लांबलचक टेबलांवर नारिंगी कापड पसरलेलं असायचं आणि बायका भराभर शिवत असायच्या. मला शिवणाऱ्या बाईला सर्दी झाली होती. ती सारखी नाक ओढत होती, पण टाका काही वाकडा गेला नाही. तिने माझ्या छातीत फोमच्या दोन जाड लाद्या घातल्या, पाठीत एक घातली आणि तोंड शिवून टाकलं. त्या लाद्यांत हवेचे बारीक बारीक फुगे असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण आमचा सगळा जीव त्यांच्यात असतो. मग मला वजन बांधून हौदात टाकलं. मी खाली गेलो, घाबरलो आणि वर आलो. "चालेल," कोणीतरी म्हणालं आणि मला खोक्यात भरलं. ते माझं पहिलं कौतुक.

खोकं उघडलं तेव्हा समोर वाळवंट होतं. उघडेबोडके तांबडे डोंगर, आणि त्यांच्या पायथ्याशी हिरवीगार, थंडगार कोलोरॅडो नदी. काठावर वेड्या बाभळींची रांग, तिच्या सावलीत तंबू, सिमेंटची टेबलं आणि बाकं. या तळाला कोयोटीचं, म्हणजे इथल्या रानकोल्ह्याचं, वळण म्हणतात. होड्या उतरवायच्या उतारापाशी एक मोठी फळी उभी आहे. तिच्यावर खुंट्या ठोकल्या आहेत आणि वर लिहिलं आहे, 'घ्या, घाला, परत टांगा.' कुलूप नाही, पहारा नाही, भाडं नाही. ज्याला हवं त्याने लाइफ जॅकेट न्यावं आणि नदीवरून आल्यावर आणून ठेवावं. मला तिथल्या एका खुंटीवर टांगलं.

या काठावरच्या माणसांची एक रीत मला पहिल्यापासून आवडली. तंबू उचलताना ती पुढच्यासाठी काहीतरी ठेवून जातात. उरलेली लाकडं, चांगले खुंटे, दोरीचा तुकडा, मिठाची पुडी. कोण येणार हे ठाऊक नसतं, तरी ठेवतात. आमची फळीही त्याच रीतीवर चाले, आणि माझ्या आयुष्यातला सगळा घोळही याच रीतीमुळे झाला.

तळाची राखणदारीण मिस वर्ना. उत्तरेत बर्फ पडू लागला की ती आपला ट्रेलर ओढत इथे यायची आणि इथला उन्हाळा तापला की परत जायची. आवाज खडा, गुडघे दुखरे, कुत्रं बहिरं. येईल त्याला ती पहिली गोष्ट हीच सांगायची, "वरच्या धरणातून पाणी सोडलं की दुपारून नदी चढते. आभाळ बघून बसू नका. काटकी बघा." कारण पावसाचा थेंब नसताना इथे पाणी चढतं. जाणती माणसं काठावर पाण्यालगत एक काटकी रोवून ठेवतात आणि मधूनमधून तिच्याकडे नजर टाकतात. काटकीचे पाय भिजले की पोरांना हाका मारतात.

माझी उमेदीची वर्षं फार छान गेली. फिनिक्सहून आलेल्या एका बाईंचा मुलगा रबरी टायरवरून घसरला आणि प्रवाहाने त्याला ओढत नेलं. मी त्याची हनुवटी पाण्यावर धरून ठेवली. पुढच्या वळणाला लव्हाळ्यात तो अडकला तेव्हा चप्पल वाहून गेली म्हणून रडत होता. त्याच्या आईने आधी त्याला मारलं, मग त्याचे मुके घेतले आणि मग माझेही घेतले. मी चिखलाने माखलेलो होतो. कपड्यांच्या नशिबी असलं भाग्य क्वचित येतं, मित्रांनो.

आता दुःखाचं सांगतो. ती सिमेंटची बाकं सकाळी गार असतात आणि दुपारी भाजून काढतात. त्यामुळे लोक फळीकडे यायचे, आम्हांला उचलून न्यायचे आणि बुडाखाली घ्यायचे. "आपण कुठे पळवून नेतोय? बसू आणि परत टांगू," असं म्हणायचे. शेकोटीभोवती बसायचे, गिटार वाजवत बसायचे, मासे गळाला लागेपर्यंत बसायचे.

सगळ्यांत जास्त बसला तो एलादिओ. तो युमा शहराकडच्या सॅलडच्या पानांच्या शेतांवर मुकादम होता. आयुष्यभर वाकून वाकून कंबर गेलेली, अंगाने भरभक्कम, मनाने सोन्यासारखा. दर ईस्टरला तो सगळं कुटुंब घेऊन नदीवर येई आणि दिवसभर सोंगट्यांचा डॉमिनो खेळे. फळीपाशी आला की थेट माझ्याकडे हात. "हे बघा, गादी आहे नुसती," म्हणायचा. जाताना वाळू झटकून, पट्टे नीट गुंडाळून मला परत खुंटीवर टांगायचा. इतकं नीट टांगणाऱ्या माणसाला रागावणार तरी कोण? पण त्याच्या प्रत्येक बैठकीत माझ्या पोटातले फुगे चेपत होते. मला ते कळत होतं. ओरडायला तोंड नव्हतं.

ईस्टरच्या सुट्ट्या लागल्या की नदीकाठी तंबूला जागा उरत नाही. म्हणून त्याआधी मिस वर्ना आमची परीक्षा घ्यायची. प्रत्येक जाकिटात खड्यांची पिशवी बांधायची, दोरी लावायची आणि उतारावरून पाण्यात भिरकावून द्यायची. वर आलं ते खुंटीवर. या वर्षी माझी पाळी आली तेव्हा मी जिवाच्या आकांताने वर यायचा प्रयत्न केला. एक खांदा वर आला, मग तोही गेला.

"संपलं हे," वर्ना म्हणाली. तिने मला ओढून काढलं, खिशातून चाकू काढला, माझे दोन्ही पट्टे सपासप कापले आणि मला कचऱ्याच्या पिंपात टाकलं. पट्टे कापलेलं जाकीट म्हणजे मेलेलं जाकीट. नदीवर वावरणाऱ्या सगळ्यांना हे कळतं, असा तिचा समज होता.

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगू? त्याहून जास्त हलकं वाटलं. आता माझ्या भरवशावर कोणाचं लेकरू पाण्यात उतरणार नव्हतं. त्या दिवशी पिंपात, मक्याच्या पानांखाली, मी कधी नव्हे तो निर्धास्त होतो.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, पिंपाचं झाकण उघडलं आणि वरून एक गोल चेहरा आत डोकावला. ती नीवेस, एलादिओची बायको. युमात घरच्या गॅरेजमध्ये ती मोटारींच्या आणि पिकपच्या सीटना नवी कव्हरं शिवून द्यायची. हाताला अशी सवय की फाटकं काही दिसलं की बोटं शिवशिवत.

"बघा ही माणसं!" मला बाहेर काढत ती म्हणाली. "नुसते पट्टे गेले म्हणून अख्खं जाकीट टाकून दिलं! कापड बघा, कसं खणखणीत आहे."

एलादिओने सोंगट्यांवरची नजरसुद्धा उचलली नाही. "नीवेस, ठेव ते. मागच्या वर्षी खुर्ची उचललीस, त्याच्या आदल्या वर्षी छत्री. आपलं घर आहे की भंगारवाला?"

"त्याच खुर्चीत बसून टीव्ही बघता तुम्ही."

"मग? वाईट आहे असं म्हटलं का मी?"

"ताता, हा डावपण हरलात," समोर बसलेला त्यांचा धाकटा मुलगा ओसिएल हसून म्हणाला. त्यांच्याकडे आजोबांना ताता म्हणतात आणि घरात नातवंड आलं की सगळेच ताता म्हणू लागतात. आजीला म्हणतात नाना. तुमच्याकडचा नाना मिश्यांवर ताव देत असेल, इथली नाना चांगली केसात फूल माळते.

नातवंड म्हणजे यारेत्झी. पुढचे दोन दात पडलेले आणि तोंडाला विश्रांती नाही. आईबापांना सुट्टी नव्हती, म्हणून तिला आजी-आजोबांच्या हवाली केलं होतं. ती धावत आली. "नाना, हे कोणासाठी शिवतेस?"

"ज्याला लागेल त्याच्यासाठी, मिहा," नीवेस म्हणाली. मिहा म्हणजे पोरी, लाडाने. "इतकी वर्षं आपण त्या फळीवरचं घेतोय. आपण काय ठेवलं तिथे? एकदा काड्यापेटी ठेवली, तीही तुझ्या ताताने अर्धी संपवलेली."

तिने माझे तुटके पट्टे बोटांवर घेतले आणि ती थबकली. माझा जीव वर आला. बाई, बघ, नीट बघ, हे झिजून तुटलेलं नाही.

"हे तर कापलंय कोणीतरी," ती म्हणाली.

"मग झालं! कापलंय म्हणजे टाकायचंच असणार," ओसिएल म्हणाला.

"तुला काय कळतं? अपघात झाला की माणूस बाहेर काढायला सीटचा पट्टा कापतात. मग तीच सीट माझ्याकडे येते, चांगली धडधाकट. हे कुठे फांदीला अडकलं असेल. घाईत माणूस कापतो."

मग तिने माझं पोट दाबून पाहिलं. आता कळेल, मला वाटलं, ही तर फोममध्ये हात घालणारी बाई. पण मित्रांनो, तिच्या धंद्यात फोम बसण्यासाठीच असतो. "मऊ पडलंय छान," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवला.

तिचं काम बघत राहावं असं होतं. पिकपच्या पेटीतून तिने मोटारीच्या सीटबेल्टचा काळा पट्टा काढला. मेणाचा दोरा घेतला. एकेक टाका ओढून, दुहेरी करून, वर गाठ मारून बसवला. मानेपाशी उचलायला एक फासही शिवला. यारेत्झी बाजूला बसून दोरा धरत होती. काम संपल्यावर तिने माझ्या छातीवर काळ्या पेनाने एक मासा काढला. माशालाही पुढचे दोन दात नव्हते.

"आता हे माझं," ती म्हणाली.

"तुझं नाही, सगळ्यांचं. पण तू आधी मागितलंस तर तुला मिळेल," नीवेस म्हणाली आणि मला पुन्हा माझ्या खुंटीवर टांगून आली.

भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत झाली. मी आता आतून मेलेला आणि बाहेरून नवाकोरा होतो. पूर्वी माझे फाटके दोरे, विटलेला रंग बघून चार लोक तरी दुसरं जाकीट उचलायचे. आता सगळ्यांचा हात आधी माझ्याकडे येणार होता.

शुक्रवारी मला एका जुन्या समजुतीने वाचवलं. ईस्टरच्या रविवाराआधीच्या पवित्र शुक्रवारी नदीत उतरलं की माणसाचा मासा होतो, असं ही माणसं मानतात. निदान पोरांपुढे तरी मानतात. काठावर पोरं तोंडं पाडून बसली होती.

"अर्धा मासा की पूर्ण?" यारेत्झीने विचारलं.

"तुझ्यासारखी असेल तर नुसतं तोंड माशाचं," एलादिओ म्हणाला. "तेवढाच आमच्या कानांना आराम."

"मग तुमचं काय होईल, ताता?"

"माझा व्हेल. नदी अडेल, धरणवाले येऊन मला ओढतील."

मीही हसलो असतो, पण माझा जीव शनिवारकडे लागला होता. त्यातच संध्याकाळी आशेला जागा झाली. नीवेसने वर्नाला कॅपिरोताडा खायला बोलावलं. कॅपिरोताडा म्हणजे पाव, गूळ, मनुका आणि चीज घालून शिजवलेलं गोड. उपासाच्या दिवसांत या लोकांकडे तेच असतं. दोघी एकाच टेबलाशी बसल्या. एकीने मला कापलं होतं, दुसरीने शिवलं होतं. मी खुंटीवरून सगळं ऐकत होतो. बोला ना, बायांनो. एक शब्द बोला.

वर्ना म्हणाली, "यंदा गर्दी जास्त आहे. फळीवरची सगळी जाकिटं मी तपासून ठेवली आहेत, तेवढी काळजी नाही."

नीवेस नुसती हसली. मी एक दुरुस्त करून टांगलंय, हे तिच्या ओठांवर आलं असणार. पण तिच्या आईने तिला शिकवलं होतं, उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये. केलेलं बोलून दाखवलं की त्यातलं पुण्य जातं. "अजून थोडं घ्या, वर्ना," एवढंच ती म्हणाली.

वर्ना ताटली घेऊन ट्रेलरकडे निघाली आणि माझ्यासमोरून गेली. छातीवरचा मासा तिला दिसला. "काय काय रंगवतात लोक," असं पुटपुटत ती पुढे गेली. नव्या पट्ट्यांकडे तिचं लक्ष गेलं नाही. खड्यांची पिशवी दोन हातांवर पडली होती.

आणि शनिवार उजाडला. हा त्यांचा एकमेकांवर पाणी उडवायचा दिवस. आदल्या दिवशी कोंडलेली सगळी मस्ती या दिवशी बाहेर पडते. सकाळपासून बादल्या, भांडी, आइसबॉक्सची झाकणं, हाताला येईल त्याने लोक एकमेकांना भिजवत होते. म्हाताऱ्यांनाही सोडत नव्हते. निखाऱ्यांवर मांस चुरचुरत होतं आणि एलादिओ डॉमिनोला बसला होता. मी आता नातीचा झालो म्हणून त्याने खाली एक निळं जाकीट दुमडून घेतलं होतं.

यारेत्झी फळीपाशी आली. "नाना, माझा मासा!"

नीवेसने मला स्वतःच्या हाताने उतरवलं. स्वतःच्या हाताने तिच्या अंगात घातलं, बकलं लावली आणि पट्टे ओढून पाहिले. "आता बैल जुंपला तरी सुटायचं नाही," ती अभिमानाने म्हणाली. "दांड्याच्या पुढे जायचं नाही, ऐकलंस?"

काठाजवळ वाळूचा एक लांब दांडा आहे. त्याच्यावर पाणी गुडघ्याएवढं असतं. दांडा संपला की मात्र एकदम खोल. मला ते ठाऊक होतं, नीवेसला ठाऊक होतं, यारेत्झीलाही ठाऊक होतं. पण ती मला घालून उतरली होती आणि मला घातल्यामुळेच ती घाबरत नव्हती. तिचं काळीज माझ्या फोमला लागून आनंदाने धडधडत होतं आणि मला काही सुचत नव्हतं. पोरी, घाबर. माझ्यासाठी तरी थोडी घाबर.

दुपार कलली. नीवेसने रोवलेली काटकी होती, पण तिच्यावर कोणीतरी बादली उपडी टाकून गेलं होतं. पाणी चढत होतं ते बादलीखाली. दांड्यावर गुडघ्याएवढं असलेलं पाणी यारेत्झीच्या कमरेला लागलं. ओसिएल भरलेली बादली घेऊन तिच्यामागे लागला. "आता कुठे पळशील?" ती किंचाळत, हसत, त्याच्याकडे तोंड करून उलटी मागे सरकत गेली. एक पाऊल, आणखी एक. तिसऱ्या पावलाखाली वाळू नव्हती.

पाणी फार गार होतं. ती माझ्यावर विसंबून मागे रेलली, जशी मुलं रेलतात, आणि मी तिच्यासकट खाली गेलो. मी पाणी प्यायलो. माझ्या लाद्यांत वर यायला काही उरलंच नव्हतं. तिचे हात मला कवटाळत होते. मी तिला धरून ठेवायचं, तर तीच मला धरून होती. एवढी वर्षं मी ज्या गोष्टीला भीत आलो ती हीच, मित्रांनो, आणि ती माझ्याच हातून घडत होती.

ओसिएलला आधी खेळच वाटला. मग त्याला दिसलं की नारिंगी रंग पाण्याखाली आहे. जाकीट वर यायला हवं होतं आणि ते येत नव्हतं. त्याने बादली फेकली आणि उडी मारली. पहिल्यांदा त्याच्या हाताला नुसतं पाणी लागलं. दुसऱ्यांदा मानेपाशी शिवलेला फास लागला. प्रवाह एका बाजूला ओढत होता आणि तो दुसऱ्या बाजूला. पण तो फास, ते पट्टे, ते दुहेरी टाके, एकही उसवला नाही. दांड्याच्या टोकाला त्याचे पाय लागले आणि त्याने आम्हां दोघांना बाहेर खेचलं.

यारेत्झी खोकली, ओकली आणि मग मोठ्याने रडली. तिचं ते रडणं ऐकून सगळ्या काठाचा श्वास परत आला. एलादिओ कंबर विसरून धावला होता. त्याने तिला टॉवेलात गुंडाळलं, उचलून नेलं आणि पुन्हा बाकावर बसून तिला मांडीवर घेतलं. "देव तारी त्याला कोण मारी," तो परत परत म्हणत होता.

वर्ना दोरी घेऊन, दुखऱ्या गुडघ्यांनी धावत आली. मी वाळूवर पडलो होतो. तिने मला उलटं केलं, सुलटं केलं.

"हे कुठून आलं? हे मी बुधवारी पट्टे कापून टाकलं होतं."

"तुम्ही कापलेत?" नीवेस म्हणाली.

"हो. बुडत होतं. पट्टे कापले की कोणी घालत नाही."

"मी शिवले," नीवेस म्हणाली. "मला वाटलं, फक्त पट्टेच गेलेत. आणि मीच तिला घातलं. ओढून ओढून बांधलं, वर्ना." ती ओल्या वाळूत बसून राहिली.

वर्नाचं तोंड रागाने उघडलं होतं, ते मिटलं. ती म्हणाली, "चिरून टाकायला हवं होतं मी. मला वाटलं, कळतं सगळ्यांना."

"ओसिएल, माझी कात्री आण," नीवेस म्हणाली.

सीटचं जाड कापड कापायची ती मोठी कात्री. तिने मला गळ्यापासून खालपर्यंत उभं फाडलं आणि आतली लादी बाहेर काढली. वर्नाने फळीवरचं एक चांगलं जाकीट आणून शेजारी ठेवलं. नीवेसने त्यात अंगठा रुतवला आणि उचलला, तेव्हा फोम लगेच वर आला. मग माझ्या लादीत रुतवला. खड्डा तसाच राहिला. शिळ्या टॉर्टियाएवढी, म्हणजे मक्याच्या पोळीएवढी, पातळ झालेली माझी लादी ती बघत राहिली.

"हे कशाने होतं?" तिने विचारलं.

"बसून," वर्ना म्हणाली. "लोक यांच्यावर बसतात. हात जोडून सांगितलं, तरी बसतात."

एलादिओ त्या लादीकडे बघत होता. मग त्याने हळूच खाली, आपल्या मांडीखाली पाहिलं. निळं जाकीट त्याच्या वजनाने चपटं होऊन बाकाला चिकटलं होतं. मांडीवर यारेत्झी हुंदके देत होती. त्याने तिला ओसिएलकडे दिलं, टेबलाला धरून तो उठला आणि ते जाकीट ओढून काढलं. वर्नाने त्याला थांबवलं नाही. त्याने त्यात खड्यांची पिशवी बांधली, उतारावर गेला आणि दोरीचं टोक हाताला गुंडाळून त्याला पाण्यात टाकलं. ते तरंगलं, पण एका कुशीवर, गळ्याइतकं बुडून. मग ते परत ओढून घेऊन नीवेसपाशी आला.

"हेही काप," तो म्हणाला.

त्या दिवशी उन्हं उतरेपर्यंत तो उभाच होता. डॉमिनोला कोणी बोलावलं नाही आणि तोही गेला नाही.

मला वर्नाने फळीवरच खिळ्यांनी ठोकलं आहे, पोट फाडलेलं, लादी बाहेर लोंबणारी. आता मला कोणी घालू शकत नाही. येणारी पोरं त्या लादीत अंगठा दाबून बघतात आणि मग शेजारच्या जाकिटातही दाबून बघतात. पण माझी काळजी काही संपली नाही. बाकं अजून तशीच गार आहेत, तशीच भाजतात. काल दोन पाहुणे हसत हसत आले आणि माझ्या शेजारची चांगली दोघं काखोटीला मारून शेकोटीकडे घेऊन गेले. त्यांनी मला पाहिलंच नाही.

म्हणून तुम्हांला विनवतो, मित्रांनो. माझ्या भावंडांवर बसू नका, झोपू नका, कुत्र्याला देऊ नका. आणि ज्याचं आयुष्य संपलं असेल त्याची दया येऊ देऊ नका. नुसते पट्टे कापून थांबू नका, चिरून टाका, म्हणजे कोणा चांगल्या माणसाच्या हातून त्याला पुन्हा खुंटी मिळणार नाही. तुम्ही आत्ता कुठे बसून हे वाचत आहात मला दिसत नाही, आणि त्याचीही मला धास्ती वाटते. जरा उठा, आणि खाली काय आहे ते एकदा बघा.